डाव्या हाताला कारंजे

नामांतराच्या वादाने मराठवाडा ढवळून निघाला होता, त्या वर्षांतली ही आठवण. आम्ही उभयता वालूरहून निघून समुद्रापलीकडच्या एका शहरात लेकीकडे राहायला गेलो होतो. आम्ही पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत जावयांचे हृदयाचे दुखणे बळावले व शस्त्रक्रिया करावी लागली. ती पार पडली, परंतु त्यांना शुद्ध येईना. रुग्णालय शहराबाहेर होते. म्हणून दुसऱ्या दिवशी लेकीने पहाटेच एक गाडी भाड्याने घेतली.

परभणीस भाड्याची गाडी घेतली की तिच्यासवे चालकही येतो. त्यामुळे किल्ली लेकीच्या हाती पडल्यावरही मी दुकानाच्या पायरीवर उभाच राहिलो.

"अण्णा, कोणाची वाट पाहायलात?" लेकीने विचारले.

"चालकाची."

"अहो, तो कधीचा आलाय," पत्नी म्हणाली. "तुमच्या पुढ्यात कोट घालून उभाय."

तेथील गाड्यांचे चाक डावीकडे असते. मला उजवीकडे बसवले. म्हणजे आपल्याकडे चालक बसतो त्याच जागी, पण माझ्या हाती काहीच नव्हते. गाडी निघाली. धुके इतके दाट होते की घरे जमिनीवर उभी आहेत की वर तरंगत आहेत, हे कळत नव्हते. एखादा घुमट उगवे आणि नमस्कारासाठी हात जुळण्याआधीच विरून जाई. रस्त्यांना आवाज नव्हता. ज्यांची नावे मला ठाऊक नव्हती असे वृक्ष दुतर्फा, स्नान करून ओलेत्याने उभ्या असलेल्या वैदिकांसारखे दिसत होते. मी मनात मृत्युंजयाचा जप चालवला होता.

पुढे एक विशाल चौक लागला. मध्यभागी दगडी कारंजे होते आणि त्याला वळसा घालून रस्ते फुटत होते. लेकीला हवा तो रस्ता धुक्यात सापडेना. गाडी एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, तिसऱ्यांदाही फिरली. कारंजे सतत आमच्या डाव्या हाताला होते. ते ध्यानी येताच माझा जप थांबला. देवाला उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा घालावी. डावीकडे ठेवून फिरतात ते चितेभोवती.

"बाई, गाडी उलट्या अंगाने फिरवता येणार नाही का?"

"इथं सगळ्या अशाच फिरतात, अण्णा. उलटी घातली तर समोरचा येऊन धडकेल."

"तिला चालवू द्या ना," मागून पत्नी म्हणाली. "रस्तेच असे वळायलेत, तर ती काय करणार?"

"मग मला उतरव."

लेकीने माझ्याकडे पाहिले. ती माझ्याच घरात वाढली होती. मी काय मोजले, हे तिला सांगावे लागले नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने गाडी कडेला घेतली.

मी पादत्राणे काढली आणि कारंज्याच्या कठड्यालगत, ते उजव्या हाताला ठेवून चालू लागलो. दगड बर्फासारखे गार होते. अर्ध्या फेरीत मागे पावले वाजली. लेक होती, तीही अनवाणी.

"तू गाडीत बस."

"आई बसलीय. चला तुम्ही."

कुत्रे फिरवायला निघालेला एक वृद्ध गृहस्थ थबकला, त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि आम्ही दृष्टीआड होईतो तो तसाच उभा राहिला. त्याला काय वाटले असेल कोण जाणे. तीन फेऱ्या पुऱ्या झाल्या तेव्हा कारंज्याच्या पाण्याखेरीज जगात काही उरले आहे, असे वाटत नव्हते.

रुग्णालयात पोहोचलो. जावई पांढऱ्या चादरीखाली निपचित होते. लेकीने त्यांचा हात हाती घेतला. आम्ही बसून राहिलो. किती वेळ, ते आठवत नाही. खिडकीबाहेरचे धुके उजळत गेले. मग त्यांच्या पापण्या हलल्या. नजर लेकीवर ठरली, मग माझ्याकडे वळली. ओठ कोरडे होते.

"मामा," ते क्षीण स्वरात म्हणाले, "जेवलात का?"

पत्नी म्हणाली, "कुठं जेवायलेत! कालपासून पाण्यावर आहेत."

जावयांनी कपाळाला आठी घातली आणि परिचारिकेला तिच्या भाषेत काहीतरी सांगितले. ती पावाचे दोन तुकडे घेऊन आली. परक्या हातचे शिजलेले अन्न मी जन्मात घेतले नव्हते. तो पाव मी ओंजळीत घेतला आणि त्यांच्या उशाशी बसून शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.