बरणीत काय होतं

साखर तपासायला लॅबमध्ये गेलो होतो. शेजारी एक तरुण वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्लास्टिकची बरणी मांडीवर धरून बसला होता. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग तपासणीसाठी न्यायला अजूनही नातेवाइकांच्याच हाती देतात. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "स्पेसिमेन इकडे ठेवा." त्याने बरणी ठेवली, पण हात लगेच काढला नाही.

स्पेसिमेन. किती स्वच्छ शब्द आहे हा. माणसाच्या पोटातून काहीही काढा, त्याला हेच नाव. ते कुणाचं होतं, त्याच्यावाचून त्या माणसाचं काय होईल, हे त्यात कुठेच येत नाही.

मीही अशी बरणी नेली होती. तिच्यात माझ्या बायकोच्या, सुमनच्या, दोन्ही गर्भनलिका होत्या; त्यांच्याशिवाय तिला दिवस राहणार नव्हते. शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "काय काढलं हो माझं?"

"थोडं स्पेसिमेन घेतलंय तपासायला," मी म्हणालो.

डॉक्टरांचा शब्द म्हणून तिने विश्वास ठेवला. मग कितीतरी वर्षं बाळाची वाट पाहत राहिली, स्वतःलाच दोष देत गेली. तिला सोसणार नाही म्हणून लपवलं, असं मी मनाशी म्हणत आलो. खरं म्हणजे तिचं रडणं मला नको होतं. आता ती नाही.

तरुणाचा फोन वाजला. "अगं, स्पेसिमेन दिलं, झालं," तो म्हणाला.

पलीकडचा अशक्त आवाज मलाही ऐकू आला. "म्हणजे काय काढलं?"

तो गोंधळून माझ्याकडे बघू लागला.

"आत्ताच सांग रे," मी म्हणालो. "माझ्या बायकोने एकदाच विचारलं होतं."