गुरुवारी आलेला नाताळ

लग्न होऊन मी कोयनानगरच्या वसाहतीत राहायला आले, त्या वर्षी नाताळ नेमका मार्गशीर्षातल्या गुरुवारी आला होता. नवरा धरणावर नोकरीला. सासूबाई माणहून महिनाभर आमच्याकडे आलेल्या. शेजारच्या क्वार्टरमध्ये दवाखान्यातल्या नर्सबाई राहायच्या. त्या मिरजेच्या, ख्रिस्ती.

नाताळाला चार-पाच दिवस असताना नर्सबाईंनी पुढच्या खोलीत गोठ्याचा देखावा मांडला. सासूबाई बघायला गेल्या, मागोमाग मी. सासूबाईंचा जन्म मेंढरांमागं गेलेला. त्यांची नजर पहिली गेली ती मातीच्या मेंढरांवर.

“आवं बाई, ही मेंढरं न्हाईत. कुत्री हायती!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नर्सबाई मात्र तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. “मग मावशी, तुम्हीच द्या की करून.”

सासूबाईंनी दोन दिवस अंगणात बसून माती मळली आणि लोंबत्या कानांची पाच मेंढरं केली. शिवाय गोठ्यातल्या बाळाला घोंगडीच्या तुकड्याचं बोटभर टोपडं शिवलं. “एवढ्या गारठ्यात लेकरू उघडं ठेवत्यात व्हय?”

नर्सबाईंनी टोपडं लगेच चढवलं. पण सासूबाई बोटावर काजळ घेऊन तीट लावायला वाकल्या, तेव्हा त्यांनी हळूच हात धरला.

“मावशी, एवढं नको. आमच्यात नाही चालत.”

सासूबाईंनी काजळ स्वतःच्याच कानामागं पुसलं आणि तडक घरी आल्या. मला वाटलं, आता बिनसलं.

गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. सासूबाई म्हणाल्या, “शेजारच्या बाईला बोलीव.”

“अहो, त्या कुंकू लावत नाहीत.”

“मला ठावं हाय. तू बोलीव.”

नर्सबाई नाताळाची नवी साडी नेसून, झाकलेली ताटली घेऊन आल्या. सासूबाई एकेकीला कुंकू लावत त्यांच्यापर्यंत पोचल्या, करंडा खाली ठेवला आणि त्यांच्या हातात शेवंतीचं फूल आणि केळं दिलं.

“कुंकू राहिलं की,” पलीकडची एकजण कुजबुजली.

“राहिलं न्हाई. तिच्यात चालत न्हाई,” सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. विषय तिथंच संपला.

निघताना नर्सबाईंनी ताटली पुढं केली. “केक आहे, मावशी. पण यात अंडं आहे. आज तुमचा उपास, म्हणून आधीच सांगते.”

सासूबाईंनी ताटली दोन्ही हातांनी घेतली आणि वरच्या फळीवर ठेवली. “उद्या उजाडू दे.”

शुक्रवारी उजाडलं. मी चहाचं आधण ठेवेपर्यंत ताटली रिकामी.

“लय ब्येस झालाय,” सासूबाई म्हणाल्या. “आजून उरलाय का, बघून ये जा.”

मला लाज वाटली, मी काही गेले नाही. मग ताटली धुऊन त्या स्वतःच निघाल्या.