शेवटचा रकाना

ॲरिझोनातल्या चँडलर गावी मला नोकरी लागली ते पंचाऐंशी साल. बायको अजून नागपुरात, व्हिसाची वाट पाहत. शनिवारी बोलायला कुणी नसायचं, म्हणून मी समोरच्या म्हाताऱ्याच्या उघड्या गॅरेजपाशी रेंगाळायचो. टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे मी बंदूक पाहिलेली नव्हती. तो मात्र रायफलची काडतुसं स्वतः भरायचा. फळीवर बंदुकीच्या दारूचे, त्याच्या भाषेत पावडरचे, सात-आठ डबे. इवल्याशा तराजूत तो पावडर तोलायचा आणि एक दाणा जास्त झाला तरी चिमट्यानं परत उचलायचा.

"यातली सगळ्यात चांगली कुठली?" मी एकदा विचारलं.

"चांगली-वाईट असं नसतं. माझ्या रायफलला कुठली मानवते, एवढंच बघायचं."

मला ॲरिझोना मानवत नव्हतं.

पुढच्या शनिवारी तो मला वाळवंटातल्या नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. तीन पावडरी, प्रत्येकीची पाच काडतुसं. कागदावरची भोकं दुर्बिणीतून पाहून मी सांगायचं. पहिल्या दोन्ही पावडरींची भोकं विखुरली. तिसरीची पाचही कोटाच्या बटणाखाली झाकतील इतकी जवळ पडली. मी चक्क मराठीत ओरडलो, "जमलं!"

त्यानं वही उघडली. पावडर, वजन, हवा असे रकाने. शेवटचा रकाना दुर्बिणीशी बसणाऱ्याचा. जुन्या पानांवर तिथे एकाच बाईचं नाव होतं. पुढे पानंच्या पानं तो कोरा.

माझं नाव त्यानं कधी विचारलं नव्हतं, आताही विचारलं नाही. पेन्सिल जिभेला लावून त्या रकान्यात त्यानं लिहिलं, "एकटा नव्हतो."