पानावर न दिसणारा शेरा

काकांना एक वाईट खोड होती. समोरचा बोलायला लागला की त्याचं वाक्य हेच पुरं करायचे. "डोकं फार..." असं कुणी म्हणालं की "दुखतंय? गोळी घे आणि पड." निम्म्या वेळा अंदाज साफ चुकायचा, पण म्हणून गप्प बसतील तर ते काका कसले! आणि अशा माणसाला बायको कोण मिळावी? तर अडखळत बोलणाऱ्यांवर उपचार करणारी. घराच्या पुढच्याच खोलीत काकूंचा दवाखाना होता. बोलणाऱ्याच्या तोंडात आपला शब्द कोंबायचा नाही, हा तिथला पहिला नियम. त्याला पाहिजे तेवढा वेळ लागो, आपण नुसतं थांबायचं. काकांना अर्थातच त्या खोलीत मज्जाव होता.

ऑफिसातही ते सगळ्यांचे काकाच. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस म्हणजे तिथे म्हातारा. नवी कामं पोरांकडे, आणि काकांच्या वाट्याला जुन्या प्रोग्रामांची डागडुजी. काकांचा सगळा जन्म रकाने आखलेल्या डेटाबेसात गेला होता आणि आता जमाना होता डॉक्युमेंट डेटाबेसचा, जिथे रकानेच नसतात. "काका, अजून रकानेच मोजताय का?" असं म्हणून पोरं खिदळायची. काका हसण्यावारी न्यायचे, पण आतून नुसता जळफळाट. एकदा यांना दाखवूनच देतो, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

गिऱ्हाईक घरातच सापडलं. काकूंच्या पेशंटांच्या वेळा फोनवर ठरायच्या आणि तो मेला फोन दिवसभर खणखणायचा. काकांनी सुट्ट्यांच्या दिवशी ठाण मांडून, व्हिडिओ बघून बघून, एक छोटासा एपीआय तयार केला. एपीआय म्हणजे काय, तर एक खिडकी. पेशंटच्या फोनवरचं पान त्या खिडकीशी जाऊन विचारतं, "माझी पुढची वेळ कधी?" आणि खिडकी आतल्या डेटाबेसातून उत्तर काढून देते. आत प्रत्येक पेशंटचं एकच डॉक्युमेंट. नाव, नंबर, वेळ आणि काकूंनी लिहिलेले शेरे, सगळं एकाच गाठोड्यात. काकांना हे भलतंच आवडलं. कितीतरी वर्षांनी आपल्याला काहीतरी येतंय असं त्यांना वाटलं, बिचाऱ्यांना.

"अहो, ते माझे शेरे बाहेर कुणाला..." काकूंनी विचारायला तोंड उघडलं.

"दिसणार नाहीत. पानावर मी फक्त वेळ दाखवतो."

"ते कळलं. पण मी म्हणत होते की..."

"की दुसऱ्या कुणी बघितलं तर? अगं, पासवर्ड आहे. ज्याचं त्यालाच दिसतं. मी काय हे काम आज करतोय का?"

काकू आपल्या कामाला लागल्या. त्यांना नक्की काय विचारायचं होतं, ते राहूनच गेलं.

पान सुरू झालं आणि फोन थंडावला. काकांनी ऑफिसात सगळ्यांना ते दाखवलं. पोरांनी "काका, भारी!" म्हणून पाठ थोपटली आणि काका दोन दिवस जमिनीवर नव्हते.

काकूंच्या पेशंटांमध्ये एक टेस्टर मुलगी होती. दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे तिचं पोटापाण्याचं काम. कामात वाघीण, पण बोलताना शब्द घशात अडकायचा. बढतीसाठी तिला लवकरच वरिष्ठांसमोर उभं राहून बोलायचं होतं, आणि त्या एका आशेवर ती वर्षभर नेमाने येत होती. काकूंचा तिच्यावर फार जीव.

एका दुपारी काकू कामासाठी एका शाळेत गेल्या होत्या आणि ही दारात उभी.

"मॅडम नाहीत," काका म्हणाले.

"मा... माहितेय. तु... तु..."

"तुझी वेळ बदलायचीय?"

तिने मान हलवली. "तु..."

"तुझं काही राहिलंय का इथे?"

मुलीने डोळे मिटून घेतले. मग फोन काढून तिने काकांच्या नाकासमोर धरला.

पानावर फक्त वेळ दिसत होती, हे खरंच होतं. पण खिडकी दर वेळी अख्खं डॉक्युमेंट पेशंटच्या फोनपर्यंत पाठवत होती आणि पान त्यातलं बाकीचं नुसतं झाकून ठेवत होतं. एक पळी वाढण्यासाठी सगळं पातेलंच पाहुण्यासमोर ठेवायचं आणि म्हणायचं की आत बघू नका हं! टेस्टर ती. झाकण उचलून बघणं हा तिचा हातचा मळ. काकूंचा शेरा फोनवर जसाच्या तसा होता: "गेल्या सहा महिन्यांत सुधारणा नाही. यापुढे फार फरक पडेल असं वाटत नाही. बढतीची आशा लावून बसली आहे. तिला सांगायचा धीर होत नाही."

काकांच्या कानशिलांत रक्त चढलं. अरे देवा, ही चूक! ऑफिसातल्या नवख्या पोराने केली असती तर काकांनी महिनाभर त्याची टर उडवली असती.

"मी आत्ताच्या आत्ता दुरु..."

तिने हात वर केला. "म-मला बोलू द्या."

ती बोलली, आणि तिला खूप वेळ लागला. एकेका शब्दापाशी तिची मान ताठ व्हायची, ओठ थरथरायचे. काकांना तो शब्द आधीच कळलेला असायचा, जिभेवर येऊन बसायचा, आणि ते तो गिळायचे.

"फरक प-पडणार नाही, याचं नाही इतकं वाईट वाटत. या एका घरात मी न भिता ब-बोलत होते. मॅडम दर वेळी छान चाललंय म्हणायच्या. खरं काय ते मला तु-तुमच्या एपीआयने सांगितलं." ती थांबली. "मॅडमना सांगू नका. त्यांना फार ल-लागेल. फक्त ते बंद करा. मी आता येणार नाही."

ती गेली. दुरुस्ती ती केवढीशी? शेरे सोडून बाकीचं पाठव, एवढं सांगणारी एक ओळ. काकांनी स्वतःच्याच घरात चोरासारखं दार लोटून ती लिहिली. झालं. आता कुणाला काही दिसणार नव्हतं आणि कुणाला काही कळणारही नव्हतं. काकांना स्वतःची इतकी लाज वाटली की बेसिनवरच्या आरशात बघवेना.

पुढच्या वेळेला काकू त्या मुलीची वाट बघत बसल्या. फोन केला, तिने उचलला नाही. त्यानंतरच्या वेळेलाही तेच.

"माझंच पाप," काकू जेवताना म्हणाल्या. "खरं सांगायची हिंमत नव्हती म्हणून गोड गोड बोलत राहिले. पोरीने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असणार. आता बाकीच्यांनाही काही सांगताना जीभ रेटत नाही माझी. वाटतं, बंदच करावं हे सगळं."

काकांचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. एरवी प्रत्येकाचं वाक्य तोडणारा हा माणूस, आणि नेमकं जिथे तोडायला हवं होतं तिथे मुका! त्यात ऑफिसातून निरोप आला की एकाच्या मावशीच्या दवाखान्यालाही काकांचं तसलंच पान हवंय. काकांनी फोन पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी शेवटचा पेशंट गेल्यावर ते त्या मज्जाव असलेल्या खोलीत शिरले आणि पेशंटच्या खुर्चीवर जाऊन बसले. काकूंनी चकित होऊन वर पाहिलं.

"ती मुलगी... तिने... म्हणजे मी..." काकांनी पुन्हा सुरुवात केली. "तुझे शे... ते शे..."

काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. त्यांना निम्मं कळलं होतं, हे काकांना दिसत होतं. एक शब्द त्यांनी द्यावा, बस, एकच, म्हणजे नुसती मान डोलावून सुटता येईल, असं काकांना कळवळून वाटलं. काकूंनी दिला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून, त्यांच्याकडे बघत, त्या थांबून राहिल्या. सगळ्या पेशंटांसाठी थांबायच्या तशाच. शेवटी ते वाक्य काकांनाच पुरं करावं लागलं. सगळं. दारात ती "तु... तु..." करत असताना आपण काय काय बोललो, तेसुद्धा.

काकूंनी पेशंटांच्या नावांची यादी पुढे ओढली. मग म्हणाल्या, "उद्या सगळ्या पेशंटांना सांगायला लागेल. मी सांगेन, पण तुम्ही शेजारी बसायचं."

काकांनी मान डोलावली.

"आणि तुम्ही ते पान करत होतात त्या दिवशी," काकू म्हणाल्या, "मी तुम्हाला एवढंच विचारत होते, की माझे शेरे त्या गाठोड्यात न घालता वेगळे ठेवता येतील का."

"आले असते," काका म्हणाले.