उंदरांनी खाल्लेला जांभळा

ओशिगेची जीभ म्हणजे कात्री. किल्ल्याखालच्या आमच्या गल्लीत ती चिलखताच्या रेशमी दोऱ्या रंगवायची, विणायची. मी शेजारी, चिलखताच्या पट्ट्यांना लाख चढवणारा. नवरा गेल्यावर तिने एकटीने धंदा चालवला. फक्त जांभळ्याचं भांडं पालथं घातलं. तो रंग त्याच्या हातचा, म्हणायची.

गिऱ्हाइकाची पारख ती रंगावरून करायची. "गडद निळा मागतो तो शहाणा, मळ दिसत नाही. पांढरा मागतो, त्याच्या बायकोची मला दया येते." आणि एकाच चिलखतात चार रंग दिसले की नाक मुरडून म्हणायची, "गोधडी!"

एका हिवाळ्यात कुरिहारासाहेब धापा टाकत आले. हुद्दा लहान, मान मोठा असा हा सामुराई. मुलीचं, चिसेचं, लग्न ठरलेलं. परवा व्याही मिझोगुची घरी येणार, आणि आजोबांचं जांभळं चिलखत बैठकीत मांडायचं. पेटी उघडली तर उंदरांनी दोन्ही खांद्यांच्या दोऱ्या फस्त केलेल्या.

"ओशिगे, एवढं जांभळं दे, नाहीतर व्याह्यांपुढे माझं नाक कापलं जाईल."

"साहेब, मुळांचा रंग तो. बुडवा, वाळवा, परत बुडवा. परवापर्यंत फार तर शिळ्या वांग्याचा रंग येईल."

"मग मी काय मांडू?"

"उंदीर मांडा!"

साहेबांचे डोळे भरून आले. ओशिगे वरमली. तिने कोपऱ्यातली टोपली ओढली. उरलेले तुकडे त्यात: लाल, निळे, शेवाळी, पांढरे. मग उशाखालून एक जांभळी लड काढली. नवऱ्याने रंगवलेली शेवटची. मी काही बोलायला तोंड उघडलं.

"काका, तोंड मिटा," ती मला म्हणाली.

लड जेमतेम वरच्या एका ओळीला पुरली. खालच्या ओळी टोपलीतल्या रंगांच्या. ओवताना ती स्वतःलाच शिव्या देत होती.

चिलखत मांडायला आम्ही दोघं गेलो आणि पडद्याआड थांबलो. मिझोगुची आले, बसले आणि खांद्यांकडे बघतच राहिले.

"हे कोणी ओवलं?"

कुरिहारांनी कपाळ जमिनीला टेकलं. "चूक माझी. उंदरांनी..."

"तुमच्याकडेही उंदीर?" मिझोगुची खो खो हसत सुटले. "अहो, आमच्या चिलखताचा तर एक खांदाच लोंबतोय! तुम्ही आमच्याकडे यायचे म्हणून घरात कुणाला झोप नाही. मला अस्संच ओवून पाहिजे. वरची ओळ जांभळीच."

पडद्याआड मी ओशिगेला कोपर मारलं. "काय गं, गोधडी आवडली की त्यांना!"

ती हसली नाही. "ती लड संपली, काका," एवढंच म्हणाली, आणि किमोनोच्या बाहीनेच नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारावरून गेलो. जांभळ्याचं भांडं पालथं नव्हतं. चुलीवर होतं, आणि ओशिगे मुळं कुटता कुटता गल्लीतल्या पोरांवर खेकसत होती, "सरका, वाफ लागेल!"