काच धुवायचं पाणी

आमच्या घरात भाजीतल्या मिठावरून झाले नसतील तेवढे वाद गाडीची काच धुवायच्या पाण्यावरून झाले आहेत. स्टिअरिंगजवळची दांडी ओढली की समोरच्या काचेवर जे फवारतं, ते पाणी. नवऱ्याचं म्हणणं सोपं असतं, "पानी ते पानी. बोअरचं टाक अन् मोकळी होय." मी गाडी शिकले पन्नाशीला टेकल्यावर. त्यामुळे मला यातलं काहीही घाईत उरकवत नाही.

राळेगावचं बोअरचं पाणी वाळलं की काचेवर पांढरे डाग सोडतं आणि फवाऱ्याची बारीक भोकं बुजवून टाकतं. म्हणून मी आरओचं पाणी घेते आणि त्यात ऋतू बघून दुकानातलं लिक्विड मिसळते. उन्हाळ्यात फवारा पडतो न पडतो तोच वाळतो, वायपर कोरड्या धुळीवर करकरतो, तेव्हा लिक्विडचा हात सढळ ठेवावा लागतो. पावसाळ्यात ट्रकांनी उडवलेला चिखल तेलकट असतो, त्याला तेल काढणारं वेगळं लिक्विड लागतं. सोयाबीन निघायच्या दिवसांत संध्याकाळी किडे काचेवर आपटतात, आणि साध्या पाण्याने ते निघायच्या ऐवजी नुसते पसरतात. त्यांच्यासाठी एकदा मी केसांचा शाम्पू टाकून पाहिला. बसस्टँडसमोर दांडी ओढली आणि काच फेसाने भरली. शेजारच्या काकांनी सायकल थांबवून विचारलं, "काहून वं, गाडीची दाढी करून राह्यली काय?"

नवराही मागे नाही. त्याने एकदा स्वस्तात मिळाली म्हणून कडाक्याच्या थंडीतही न गोठणाऱ्या लिक्विडची मोठी बाटली मागवली. आमच्याकडे थंडी म्हणजे कानाला मफलर आणि सकाळी काचेवर दव, बस. ती बाटली मी फळीवर ठेवून दिली आहे. राळेगावात बर्फ पडला की काढू.

तर गेल्या दसऱ्याची गोष्ट. दुसऱ्याच दिवशी राजूरला नणंदेच्या नातवाचं बारसं होतं. नेमकी आमच्या सोयाबीनच्या मळणीला मशीन मिळाली आणि नवरा शेतात अडकला. "ड्रायव्हर सांगतो एखादा," तो म्हणाला. मी म्हटलं, मी नेते आईंना. सासूबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं. त्यांचं ते पाहणंच मला झोंबलं. वय सत्तरीच्या पुढे, आयुष्यभर नवरा नाहीतर मुलगा नेईल तिथे गेलेल्या. माझ्या गाडीत त्या बाजारापलीकडे कधी बसल्या नव्हत्या. नवऱ्याने मला चांगली ड्रायव्हर म्हणावं अशी माझी काही इच्छा नव्हती. सासूबाईंनी म्हणावं, अशी मात्र फार होती.

वडकी गेलं, करंजी गेलं, मारेगाव गेलं, सगळं झकास. मी तर गुणगुणतही होते. वणीच्या बाजूला कोळशाचे ट्रक सुरू झाले आणि काचेवर काळी भुकटी बसायला लागली. मी ऐटीत दांडी ओढली. डावीकडून लालसर पाण्याची एक चिळकांडी उडाली, उजवीकडून काहीच नाही, आणि मग दोन्हीकडून काहीच नाही. वायपरने तेवढ्या ओलाव्यात सगळा कोळसा काचभर सारवून दिला. समोरचं दिसेना. मी कशीबशी गाडी कडेला घेतली.

बॉनेट उघडलं. पाण्याच्या टाकीत सगळं लाल-पिवळं, आणि वर अक्षता तरंगत होत्या.

"आई, हे काय?" माझा आवाज चढलाच.

"काल गाडीची पूजा झाली न, तवा थोडं तीर्थ टाकलं," त्या म्हणाल्या. "तू तं नेहमी त्यातच पानी टाकतं. मले वाटलं गाडी तेच पेते."

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मुलगा गाडी चालवतो, त्याच्या टाकीत कधी तीर्थ पडलं नाही! "माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून टाकलं ना?"

"भरवसा नसता तं बसलो असतो काय तुह्या गाडीत?" त्यांनी ट्रकांकडे हात केला. "याहिच्यावर भरवसा नाही मले."

मला रागावायचं होतं आणि हसूही येत होतं. त्यांनी बांगडीतली पिन काढून दिली. मी एक भोक मोकळं केलं, दांडी ओढली, थोडं गुलाबी पाणी आलं आणि पुन्हा एक अक्षत येऊन अडकली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन. खोटं बोलायची सोय नव्हती, सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. "तिथंच थांब," तो म्हणाला, "वणीहून कोनाले तरी पाठवतो गाडी चालवाले." माझं तोंडच उतरलं.

सासूबाईंनी हात पुढे करून फोन घेतला. "कोनाले पाठवू नको. गाडी चांगली हाये, चालवनारी चांगली हाये. काच मी पुसतो." आणि फोन बंद.

मग त्यांनी पिण्याच्या बाटलीतलं पाणी काचेवर ओतलं आणि बारशासाठी नेसलेल्या नव्या लुगड्याच्या पदराने काच पुसली. राजूरपर्यंत दोनदा थांबलो, दोन्ही वेळा मी उतरायच्या आत त्या उतरल्या. नणंदेने दारातच विचारलं, पदराला काय झालं? त्या म्हणाल्या, "कोळसा हाये, निंघन धुतल्यावर," आणि बाळाला घ्यायला आत गेल्या.

घरी परतल्यावर मी टाकी रिकामी करून धूत बसले होते. सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता तीर्थाबद्दल काही म्हणतील.

"चतुर्थीले कळंबले जायाचं हाये मले, चिंतामणीच्या दर्शनाले."

"बरं, सांगते यांना वेळ काढायला."

"त्याले कायले?" त्या म्हणाल्या. "तुले वेळ हाये का, ते सांग."

मी हो म्हटलं आणि टाकीत आरओचं पाणी भरायला घेतलं.