माझी गोष्ट सोलरपंक नाही

"पाणी. ण. बाणातला ण," पुण्याचे पाहुणे म्हणाले.

माझी गोष्ट वाचताना मी 'पानी' म्हटलं होतं. जव्हारच्या कॉलेजचा हॉल हसला. मी पुन्हा वाचलं. पुन्हा पानीच आलं. पुन्हा हसले. पहिल्या रांगेत आमचे सर होते. तेही हसले.

सर जवळच्याच जामसरचे. घरी आमच्यासारखंच बोलणारे. मी पोशेऱ्याची. उद्याच्या जगाच्या गोष्टी वाचायचा नाद त्यांनीच लावला. प्रकारही त्यांनीच समजावले. कॉम्प्युटर पुढं गेला आणि माणूस चिरडला, ते सायबरपंक. वाफेच्या इंजिनांवरच जग वाढलं असतं तर, ते स्टीमपंक. उन्हावर चालणारं, झाडं राखणारं चांगलं जग, ते सोलरपंक.

मी विचारलं होतं, "सगळ्यांच्या मागं पंक कशाला, सर?"

"पंक म्हणजे न वाकणारा. तो नसला तर नुसती यंत्रं उरतात."

त्या एका वाक्यावर मी गोष्ट लिहिली. आमच्या डोंगरातलं पाणी पाइपातून शहराला जातं. त्यावर कॉम्प्युटरचा पहारा. पाड्यावरची पोरगी तो हॅक करते आणि पाणी गावाकडं वळवते.

पाहुणे अशा गोष्टींचा संग्रह काढत होते. माझं वाचून झालं. त्यांनी माईक घेतला.

"हे सायबरपंक नव्हे. त्याला महानगर लागतं. पाड्यावरची मुलगी हॅकिंग करते, हे पटत नाही. तुम्ही निसर्गाची लेकरं. तुमचं सोलरपंक. तारप्याचे सूर आणा, सौरदिवे आणा, शेवट गोड करा. मग छापतो."

निसर्गाची लेकरं. उन्हाळ्यात माझी आई डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढते. आणि मी त्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते.

मी सरांकडं बघितलं. आता उठतील, बोलतील. सर उठले. पाहुण्यांपुढं हात जोडले.

"बदलेल ती, साहेब. मी करून घेतो."

मग माझ्याजवळ आले. कॉलेजात कधी बोलायचे नाहीत ती आमची घरची बोली काढली. ऐक म्हणाले. आधी छापून येऊ दे.

पाहुणा परका होता. त्याचं मी झटकून टाकलं असतं. पण सरांनी माझ्याच बोलीत मला वाकायला सांगितलं.

मी माईकवर म्हटलं, "गोष्ट बदलनार नाही. पोरगी हॅकच करनार."

"मग संग्रहात नाही," पाहुणे म्हणाले.

"नको."

संग्रह आला. कॉलेजच्या वाचनालयात चाळला. त्यात सरांची गोष्ट. आमचा डोंगर. शहराला जाणारं पाणी. पाड्यावरची पोरगी. सौरदिव्यांखाली तारपा वाजतो आणि ती शहरातल्या पाहुण्यांना हसत पाणी देते. खाली सरांचं नाव. मी उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं.

सर बाजारात भेटले. मीच आडवी गेले.

"अगं, वाया गेली असती ती. निदान आपलं गाव तरी छापून आलं."

"गोष्ट माझी होती, सर. तुम्ही चोरली."

मोठ्यानं म्हटलं. भाजीवाल्या बायांनी वर बघितलं. सर भराभरा निघून गेले. तेव्हापासून बोलत नाहीत.

मी नवी गोष्ट लिहायला घेतलीय. हे कुठलं पंक, कुणालाच विचारणार नाही. यात डोंगरातलं पाणी विकणारा माणूस शहरातला नाही. आमच्याच पाड्यातला आहे. शिकलेला आहे, गोड बोलतो. पोरगी त्याला ओळखते. सगळ्या गावासमोर चोर म्हणून त्याचं नाव घेते. तो हात जोडतो.

ती त्याला माफ करत नाही. कुणी कितीही सांगू दे, मी तिला करू देणार नाही.